एक्केचाळीस मिनिटांपुढे

१

इंद्रजित सकाळी आठच्या कंपनीच्या बसनं शिरवळला जातो. तो गेला की मी भांडी आवरते, पुढचं दार लावते आणि हेडफोन घालून कॉम्प्युटरपुढे बसते. माझं काम ऐकण्याचं. पुण्यातली एक संस्था भोर-वेल्ह्याकडच्या म्हाताऱ्या माणसांकडून शेतांची, ओढ्यांची, टेपाडांची जुनी नावं गोळा करते. मी गावोगाव जाऊन रेकॉर्डिंग करते, घरी आणते आणि शब्दन् शब्द टाइप करते. मध्येच कुणी खोकलं तर तेही लिहिते. सहा वर्षं झाली. माझे कान तयार आहेत, हे मीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यांच्याच भरवशावर सांगायचं आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पडद्यावर पहिल्यांदा ती सूचना आली. 'कॉम्प्युटरची मेमरी कमी आहे. काम सेव्ह करा आणि हे प्रोग्रॅम बंद करा.' मी बंद केले. दुसऱ्या दिवशी परत आली. मी जुने फोटो काढले, इंद्रजितनं उतरवून ठेवलेले सिनेमे त्याला न विचारता उडवले. तिसऱ्या दिवशी टायपिंग इतकं रखडायला लागलं की मी 'क' दाबून चहा ढवळायचे, मग तो उमटायचा.

चौथ्या दिवशी मी कॉम्प्युटर चालू केला, आणि मी काहीही उघडायच्या आत सूचना हजर. बंद करा म्हणे. काय बंद करू? मी अजून काही सुरूच केलं नव्हतं.

२

पप्पू धुमाळचं दुरुस्तीचं दुकान एसटी स्टँडसमोर आहे. इंद्रजितचा शाळेतला दोस्त, पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला. त्यानं येऊन नवी रॅम घातली आणि "आता हत्ती बसवा याच्यावर" म्हणून गेला. दोन दिवसांनी, वीस जानेवारीला, मी त्याला परत बोलावलं. या वेळी त्यानं खुर्ची ओढून नीट बैठक मारली.

"वहिनी, एक फाईल आहे. मागं कुठला तरी प्रोग्रॅम तीच वाचत बसतोय, म्हणून मेमरी पुरत नाही. आणि डिस्कवरची जागाबी तिनंच खाल्लीय. शंभर जीबीला टेकलीय."

"कुठली फाईल?"

"बनाबाई, बारा नोव्हेंबर."

मला हसू आलं. "ती एक्केचाळीस मिनिटांची आहे, पप्पूभाऊ. चाळीस एमबीसुद्धा नसेल."

त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. लांबी सोळाशे छप्पन्न तास, वीस मिनिटं.

"बिघडलीय. खोटी लांबी दाखवतीय," तो म्हणाला. "उडवून टाका, मोकळ्या व्हा."

"ती नाही उडवणार."

"का?"

मी त्याला सांगितलं. बनाबाई मरळ गुंजवण्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या तीन घरांच्या वस्तीवर राहायच्या. बाकीची दोन घरं कधीच उठून गेलेली. पाण्याखाली गेलेल्या प्रत्येक खाचराचं नाव त्यांना पाठ होतं. जांभळीचं, वाकडं, दोन भावांचं, सासूचं, अशी सदतीस नावं त्यांनी एका दमात सांगितली होती. मी म्हटलं होतं, मावशी, एवढं कसं लक्षात राहिलं? तर म्हणाल्या, "पानी वावर बुडवंल, बाई. नाव कसं बुडवंल?"

महिन्याभरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. नात सोनिया त्यांना कामथडीला घेऊन आली. तेव्हापासून सोनिया दर आठवड्याला मला फोन करत होती की ताई, आजीचा आवाज तेवढा द्या. तो आवाज त्या एका फाईलखेरीज कुठेही नव्हता.

"मग राहू द्या," पप्पू म्हणाला आणि निघाला.

तो गेल्यावर मी कागद घेतला. सोळाशे छप्पन्नला चोविसानं भागलं. एकोणसत्तर आले. कॅलेंडर काढून मी बारा नोव्हेंबरपासून पुढे बोट ठेवत मोजत गेले. एकोणसत्तरावा दिवस म्हणजे आजचा. बनाबाईंच्या चुलीपुढे मी रेकॉर्डर चालू केला तेव्हा सकाळचे अकरा वाजायला आले होते. आता भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा होऊन गेले होते.

पडद्यावर वीस मिनिटांची एकवीस झाली.

रेकॉर्डर टेबलाच्या खणात होता. मी खण उघडून पाहिलं. त्यातले सेल मी स्वतःच नोव्हेंबरात काढून ठेवले होते. ते शेजारी रबर लावून तसेच पडलेले.

३

घाबरण्याआधी ऐकावं, असं मी ठरवलं. ऐकणं मला येतं.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला माझा आवाज म्हणतो, "बरं मावशी, येते." इथं फाईल संपायला हवी होती. तरी चपलांचा आवाज. जीप सुरू होते, लांब जाते. रेकॉर्डर माझ्याबरोबर त्या जीपमध्ये होता. पण पुढे बनाबाई एकट्याच कण्हल्या. कप विसळल्याचा आवाज आला. कोंबडीला त्या "हुश्श" म्हणाल्या.

मला एकदम लाज वाटली. कुणाच्या घरात न विचारता बसल्यासारखी. पण मी हेडफोन काढला नाही. काटा पुढे नेत गेले. एक दिवस, दुसरा दिवस. जळण मोडलेलं, ताट सरकवलेलं, म्हातारीचं स्वतःशी पुटपुटणं. सत्ताविसाव्या दिवशी, नऊ डिसेंबरला, काहीतरी धप्पकन पडलं. पुढे पाच तास एक घुसमटलेला श्वास. मग माणसांचा गलका, सोनियाचं रडणं, "उचला, उचला." कडी लागली. कुलूप लागलं.

त्यानंतर रिकामं घर. पत्रा उन्हानं तडकायचा तो आवाज, पाल, बाकी काही नाही. मी दिवसच्या दिवस ओलांडत गेले, तसं मला जरा बरंही वाटायला लागलं. रिकाम्या घराला कोण भितं?

दोन जानेवारीला दुपारी त्या कुलूपबंद घरात कुणीतरी म्हणालं, "सांगा मावशी नाव तुमचं मावशी."

आवाज माझा होता. शब्दही माझेच, पण क्रम चुकलेला. मूल पाढे म्हणतं तसे सगळे शब्द एकाच सुरात.

मग बनाबाईंच्या आवाजात उत्तर आलं. "बना सावळाराम बाई मरळ."

दोन जानेवारीला बनाबाई कामथडीत खाटेवर पडून होत्या. त्यांच्या तोंडून 'आं'पलीकडे काही निघत नव्हतं. मी त्या दिवशी त्यांच्या उशाशी बसले होते. मला चांगलं आठवतं, मी पेरू नेले होते.

पुढे तेच सुरू होतं. प्रश्न, उत्तर. प्रश्न, उत्तर. दहा जानेवारीला शब्द जागेवर आले होते. पंधराला बनाबाईंची ती दम लागण्याची लकबही आली. आदल्या संध्याकाळचं ऐकलं आणि मी त्या एक्केचाळीस मिनिटांचा, माझ्याच बोटांनी टाइप केलेला कागद समोर धरला. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

४

इंद्रजित घरी आला तेव्हा मी त्याला काही न सांगता हेडफोन दिला. त्यानं मिनिटभर ऐकलं.

"काय आहे यात? तू आणि ती म्हातारी बोलताय."

"नीट ऐक. प्रश्न विचारतेय ती मी आहे?"

"तूच आहेस की! वीस वर्षं ऐकतोय तुला."

मी त्याच्याकडे बघत राहिले. नवऱ्याला फरक कळला नव्हता. सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "लता, हे जे काय असेल ते असो. डिलीट कर."

"आणि बनाबाईंचा आवाज?"

"एका म्हातारीच्या आवाजासाठी तू हे घरात ठेवणार?"

"म्हातारीचा आवाज तिचा आहे. हे जे कोण आहे, त्याचा नाही. जायचं तर त्यानं जावं."

मी पहिली एक्केचाळीस मिनिटं कापून वेगळी फाईल केली. अर्ध्या तासानं पाहिलं तर ती एकाहत्तर मिनिटांची झालेली. पेनड्राइव्हवर घेतली, तिथंही वाढली. पेनड्राइव्ह काढून डाळीच्या डब्यात ठेवला, तासानं परत लावला. एक तास जास्त.

ते एक वेळ मी सहन केलं असतं. पण कापताना मी सुरुवात पुन्हा ऐकली. बनाबाई नावं सांगत होत्या. "जांभळीचं, वाकडं," आणि मग एका शब्दाएवढी शांतता. मग "सासूचं." दोन भावांचं खाचर गायब होतं. आवाज तुटलेला नव्हता. चुलीतल्या लाकडांचा तडतडाट मागे चालूच होता. फक्त म्हातारीचं तोंड त्या जागी बंद होतं.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन नावं गेलेली. तीच नावं फाईलच्या शेवटाला, कुलूपबंद घरात, ठणठणीत ऐकू येत होती.

कॉम्प्युटरवर सूचना आली. मेमरी कमी आहे. मोठ्या फाइली काढून टाका.

"नाही टाकत, जा," मी मोठ्यानं म्हणाले. इंद्रजित स्वयंपाकघरातून बघत होता.

५

तेवीस जानेवारीला मी सोनियाला घेऊन वस्तीवर गेले. तिला एवढंच सांगितलं की रेकॉर्डिंगमध्ये एक अडचण आहे, घर बघायचंय. सोनिया पंचविशीची, नसरापूरला औषधांच्या दुकानात काम करते. प्रश्न कमी विचारते. तिच्या स्कूटरवरून मार्गासनीमार्गे गेलो. वर पोचलो तेव्हा भर दुपार होती. पाणी काचेसारखं स्वच्छ, पलीकडे राजगड इतका जवळ की बालेकिल्ल्यावरची माणसं मोजावीत.

कुलपावर कोळ्यानं जाळं धरलेलं. सोनियानं ते काडीनं बाजूला केलं, किल्ली फिरवली.

आत सगळीकडे धुळीचा पांढरा थर. भांडी उपडी, कोनाड्यातली तेलाची बाटली तशीच. मी चुलीकडे गेले आणि थांबले.

चुलीपुढच्या जमिनीवर दोन जागा स्वच्छ होत्या. समोरासमोर. पाटाएवढ्या, एक जरा मोठी, एक लहान. आजूबाजूला बोटभर धूळ, आणि तिथं सारवण दिसत होतं.

"हितंच बसायची आजी," सोनिया लहान जागेकडे बघून म्हणाली.

"आणि इथे मी बसले होते."

"वाऱ्यानं उडाली असंल धूळ, ताई."

खिडकी बंद होती. हे तिलाही दिसत होतं. मला त्या क्षणी भीतीपेक्षा राग जास्त आला. माझ्या जागेवर, माझ्या प्रश्नांसकट, कुणीतरी तीन आठवडे बसत होतं. मी पुढे होऊन त्या मोठ्या जागेवर मांडी घालून बसले.

"ताई, उठा," सोनिया म्हणाली.

जमीन गरम होती. उन्हानं तापते तशी नाही. माणूस आत्ताच उठून गेल्यावर गोधडी असते, तशी.

मी मोठ्यानं म्हणाले, "कोण आहे?"

कुणी नव्हतं. आतल्या खोलीच्या दारात कणगी होती, तिच्यामागे अंधार. सोनियानं माझा दंड धरून मला उठवलं. तिनं कुलूप लावलं. मी ते दोनदा ओढून पाहिलं आणि मगच निघाले.

६

घरी येऊन आधी तो तास ऐकला.

बारा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत त्यांचं चालू होतं. प्रश्न, उत्तर. मग लांबून स्कूटरचा आवाज आला, आणि दोन्ही आवाज वाक्याच्या मध्येच थांबले. मग किल्ली. सोनियाचं "हितंच बसायची आजी." तिचं "ताई, उठा." मग माझं, "कोण आहे?"

आणि लगेच, माईकच्या अगदी जवळ, ओठ टेकवून बोलावं इतक्या जवळून, माझ्याच आवाजात हळूच, "कोण आहे?"

या वेळी सराव लागला नव्हता. पहिल्याच दमात जमलं होतं.

मी सोनियाला फोन केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मला वाटलं ती फोन ठेवेल. ती म्हणाली, "आजीला घेऊन येते."

"अगं, तिला त्रास कशाला?"

"तिचा आवाज आहे न्हवं? मग तिलाच ठरवू द्या, ठेवायचा का टाकायचा. आमी दोघी कोण ठरवणार?"



७

अठ्ठावीस तारखेला दुपारी त्या रिक्षानं आल्या. बनाबाईंना दोघींनी धरून खुर्चीत बसवलं. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात मांडीवर ठेवल्या वस्तूसारखा. डोळे मात्र लख्ख होते. वाटेत सोनियानं त्यांना सांगितलं होतं. किती समजलं होतं कोण जाणे.

तोवर सदतिसातली अकरा नावं गेली होती. मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले आणि फाईल शेवटाला नेली, जिथं काटा घड्याळाबरोबर पुढे सरकत होता.

त्यांनी ऐकलं. डोळे बारीक झाले. मग डाव्या हातानं त्यांनी हेडफोनची वायर पकडली आणि हिसका देऊन उपटली. आवाज खोलीत मोकळा झाला.

"...जांभळीचं, वाकडं, दोन भावांचं, सासूचं..."

सोनियानं तोंडावर हात घेतला. तिची आजी समोर खुर्चीत गप्प बसली होती आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत तिच्या आजीचा चांगला, धडधाकट आवाज घुमत होता.

"मावशी, नाव सांगा तुमचं," माझा आवाज म्हणाला. मी ओठ घट्ट मिटून उभी होते.

"बनाबाई सावळाराम मरळ. लिही. वय म्हाईत न्हाई."

बनाबाईंनी टेबलावर डावा हात आपटला. कप उडाला. "आं!" त्या म्हणाल्या.

पलीकडे शांतता. नुसता पत्र्याचा आवाज.

"आंऽऽ! न्हाऽ... आं!" मान हलत होती, लाळ गळत होती. सोनिया पुसायला गेली तर तिला त्यांनी कोपरानं बाजूला सारलं. आख्खं अंग लावून त्या तो एकच आवाज काढत होत्या. फाटका, ओला, घशात अडकून बाहेर पडणारा. मी इतकी वर्षं माणसांचे आवाज लिहितेय, पण तो कसा लिहावा हे मला आजही कळलेलं नाही.

मग पलीकडून आलं, "आं."

स्वच्छ. गाण्याच्या क्लासात सूर लावावा तसं.

बनाबाई थांबल्या. ऐकलं. पुन्हा ओरडल्या. पुन्हा पलीकडून, "आं." या वेळी थोडं खरखरीत करायचा प्रयत्न होता, आणि तो प्रयत्न उघडा पडत होता. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. ते घाई करायला लागलं. बनाबाईंच्या आवाजात, माझ्या आवाजात, मग दोन्ही एकत्र. "आं, आं, आं." एकही बरोबर नाही.

आणि बनाबाई हसायला लागल्या. अर्ध्याच तोंडानं, खांदा हलवत. सोनिया नंतर म्हणाली, झटका आल्यापासून पहिल्यांदा.

त्या हसण्याला पलीकडून काही उत्तर आलं नाही. पत्र्याचा आवाजही बंद झाला. मी पडद्याकडे पाहिलं. अठराशे एक्कावन्न तास, सदतीस मिनिटं. मी पूर्ण पाच मिनिटं घड्याळ लावून बघत राहिले. सदतीसची अडतीस झाली नाहीत.

मी पहिली एक्केचाळीस मिनिटं कापून सोनियाच्या पेनड्राइव्हवर दिली. ती आजही तेवढीच आहेत. गेलेली अकरा नावं मात्र परत आली नाहीत. ती माझ्या टाइप केलेल्या कागदावर आहेत, आवाजात नाहीत. उरलेली मोठी फाईल, आधीच्या कापलेल्या प्रतींसकट, उडवली. बटण बनाबाईंनीच दाबलं, डाव्या हाताच्या अंगठ्यानं.

८

मग मी चहा केला. जिंकल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? आम्ही तिघी पुढच्या खोलीत बसलो. बनाबाईंना बशीतून पाजत होते. खाली रस्त्यावरून कांदेवाला ओरडत गेला. कॉम्प्युटर बंद होता. वायरसुद्धा भिंतीतून काढली होती.

"सोनिया, आत ये गं जरा."

आतल्या खोलीतून. मी रोज बोलते तसं, शेवटचा शब्द थोडा लांबवत.

सोनिया "आले" म्हणायला तोंड उघडून अर्धी उठलीच होती. मग तिची नजर माझ्यावर पडली. माझ्या हातात बशी होती.

बनाबाईंनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की नंतर निळं पडलं.

तेव्हा मला उमगलं. म्हातारीनं आपला आवाज सोडवून नेला होता. माझा अजून तिथंच होता. आणि तो आता गुंजवण्याला नव्हता.

"सोनिया, ऐकलंस का?"

आतल्या दाराचा पडदा खाली जमिनीला टेकत नाही, वीतभर जागा राहते. त्या फटीत, दारापासून थोडं मागे, दोन पावलं होती. बायकी. टाचा आमच्याकडे. कुणीतरी आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभं होतं आणि तिथून हाक मारत होतं.

सोनियानं ओ दिली नाही. मी दिली नाही. बनाबाईंनी पडद्याकडे पाहत घशातून आवाज काढला, "आं." टाचा आमच्यापासून लांब, भिंतीकडे सरकल्या, अंधारात गेल्या.

मी बशी पुन्हा बनाबाईंच्या ओठांना लावली. त्यांनी चहा संपवला. मग मी उठले आणि पडदा सरकवला. कपाट, पलंग, इस्त्रीचे कपडे. भिंतीजवळच्या फरशीवर तळवा ठेवला. ती गरम होती.

९

याला आता तीन महिने झाले. संस्थेचं काम मी सोडलेलं नाही. गेल्या आठवड्यात पानशेतला जाऊन आले, दोन म्हातारे, चांगली नावं मिळाली. कॉम्प्युटर नीट चालतो. पप्पूला वाटतं त्याच्या रॅमनं काम केलं.

आमच्या घरात आता कुणी कुणाला हाक मारत नाही. काही हवं असलं तर उठून समोर जाऊन उभं राहायचं, तोंड बघायचं, मग बोलायचं. इंद्रजितला सवय व्हायला वेळ लागला. एकदा आतून हाक आली म्हणून तो शर्ट घालता घालता आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेला होता. मी मागून जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. त्या दिवशी त्यानं घर बदलायचं काढलं. मी म्हटलं, "घर आपलं आहे. बिनभाड्यानं राहतंय ते. आपण का निघायचं?"

काल दुपारी मी पुढच्या खोलीत टाइप करत होते. घरात एकटीच. आतून माझा आवाज आला.

"इंद्रा..."

मी हेडफोन काढून ठेवला. जाऊन पडद्यापाशी उभी राहिले. आवाज ठीक होता. माझा आवाज.

"चुकलं," मी म्हणाले. "मी त्याला असं बोलवत नाही."

आत श्वास घेतल्यासारखं, आणि पुन्हा, खालच्या पट्टीत, शेवटचं अक्षर ओढून, "इंद्राऽ..."

अगदी तसंच. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी त्याला गॅलरीतून बोलवायचे, हुबेहूब तसंच.

"अजून चुकतंय," मी म्हणाले, आणि कामाला येऊन बसले.